पाचवीचा धोंडा

“चुलीतली राख नको घेऊस. घळीतली आण,” मावशी म्हणाली. “चुलीच्या राखेनं पितळ नुसतं स्वच्छ होतं, चमकत नाही. दुपारी माणसं तुला बघायला यायचीत. तांब्यात त्यांना आपलं तोंड दिसलं पाहिजे.”

“मला बघायला यायचीत का तांब्याला?”

“तुला बघून काय कळणार हाय त्यांना? घर भांड्यावरून कळतं. जा, ऊन व्हायच्या आत ये.”

मी पाटी आणि खुरपं घेऊन निघाले. दिवाळी नुकतीच झाली होती. दोन दिवसांपूर्वी परतीच्या पावसाची एक जोरदार सर येऊन गेली होती आणि पायवाटेवरची पिवळी माती अजून पायाला चिकटत होती.

मावशीचं गाव खोलवड. आमचं शेरताटी त्याच ओढ्याच्या वरच्या अंगाला. हा ओढा पुढं प्रवरेला मिळतो. त्याच्या दोन्ही काठांना मैलोनमैल नुसत्या घळी. पोत्यात धान्य भरावं तशी नदीनं कधीकाळी ही माती इथं भरून ठेवली आणि नंतर स्वतःच पोतं फाडलं. पावसाचं पाणी शेताच्या कडेला एक बोटभर चीर पाडतं, दुसऱ्या वर्षी त्या चिरेत बकरी मावते, पुढं कधीतरी बैलगाडी. खोलवड गाव तीनदा मागं सरकलं होतं. जुन्या गावाची एक विहीर अजून घळीत उभी होती. उभी म्हणजे खरोखरच उभी. भोवतालची माती वाहून गेली आणि दगडांनी बांधलेली ती गोल विहीर धुरांड्यासारखी उघडी पडून राहिली. आमच्या गावचे लोक म्हणायचे, खोलवडची माणसं विहिरीत पडत नाहीत, विहिरीवरून पडतात.

मावशीच्या घराजवळच्या घळीत मी बकऱ्यांच्या वाटेनं उतरले. पिवळ्या भिंतीत कमरेच्या उंचीवर पांढऱ्या राखेचा वीतभर पट्टा आहे, पिठासारखा मऊ. पुढं बऱ्याच वर्षांनी पुण्याहून कॉलेजची माणसं आली. ती म्हणाली, ही राख समुद्रापलीकडच्या कुठल्या तरी ज्वालामुखीची आहे. माणसाला अजून नांगर धरता येत नव्हता तेव्हा ती वाऱ्यावर इथवर आली. मावशी तेव्हा थकली होती, पण कान शाबूत होते. ती म्हणाली, “आसंल बाबा. भांडी चांगली निघत्यात.”

तर मी राख खरवडत होते. खालची राख बायकांनी नेऊन नेऊन संपत आली होती, म्हणून मी पट्टा धरून घळीच्या तोंडाकडे, म्हणजे जिथं ती वर शेताला जाऊन भिडते तिकडे सरकत गेले. तिथं मान वर केली आणि हात थांबला.

भिंतीतून फांद्या बाहेर आल्या होत्या.

बाभळीच्या फांद्या. पानं अजून हिरवी. फांद्यांच्या मध्ये उसाचं पाचट आणि वर ओली माती. घळीच्या माथ्याचा एक तुकडा, बैलजोडी उभी राहील एवढा, खालून पाहिलं तर सरळ सरळ ठिगळ दिसत होता.

त्याच वेळी वरून बोलणं ऐकू आलं. पहिला आवाज कचरूमामाचा होता. माझ्या आईचा हा भाऊ, आणि हे स्थळ त्यानंच आणलं होतं. म्हणजे ज्या शेताच्या खाली मी उभी होते ते पुंजाजीचं होतं. आणि पुंजाजीच्या मुलासाठी, चांगदेवसाठी, मला दुपारी बघणार होते.

पण दुपारपर्यंत गोष्ट जाणार की नाही, हे सकाळी ठरायचं होतं. आमच्या खोऱ्यात सोयरीक जुळवायची तशी रीत होती. घरात मुलगा झाला की पाचवीच्या दिवशी बाप शेताच्या काठाला जायचा. घळीच्या तोंडापासून एक कासरा मोजायचा, बैलाला बांधतात तो दोर, आणि जिथं तो संपेल तिथं एक धोंडा ठेवायचा. त्याला पाचवीचा धोंडा म्हणत. तो हलवायचा नाही. मुलगा लग्नाला आला की मुलीकडची माणसं येऊन बघायची, धोंड्यापासून काठापर्यंत किती कासरा उरला. ज्या घरानं ताली, म्हणजे माती अडवणारे आडवे बांध घातले, बांधावर गवत राखलं, त्याचा कासरा बराचसा उरायचा. ज्यानं नुसती वाट पाहिली, त्याचा धोंडा घळीत गेलेला असायचा. मुलाला काय येतं, घर कसं आहे, हे विचारायची मग गरज नसे. मुलीसाठी धोंडा नसायचा. तिला कुठंतरी जायचंच असायचं.

माझ्या थोरल्या बहिणीच्या वेळी आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, धोंडा बघितला नव्हता. आई नुकतीच गेली होती, घरात दोन मुली, त्यांना घाई होती. दारात चार बैल आणि माडीचं घर बघून त्यांनी ताईला देऊन टाकलं. चार पावसाळ्यांत तिच्या सासरचं शेत घळीत गेलं. मग बैल गेले. ताई आणि तिचा नवरा दरवर्षी कोयता घेऊन कारखान्यावर जायला लागले. तिचं पहिलं मूल फडातच झालं आणि फडातच गेलं. तेव्हापासून आबांची एकच अट होती. घर झोपडं चालेल, मुलगा काळा चालेल, पण धोंड्यासमोर जमीन पाहिजे.

“बघा दाजी,” कचरूमामा वर म्हणत होता. “धोंडा कसा पाटावर बसलाय. नवरदेवाच्याही आधी!”

कोणीतरी हसलं. ह्यात थट्टेपेक्षा जास्त काही होतं. उघड्या मातीवर धोंडा वर्षानुवर्षं पडून राहिला की पाऊस त्याच्याभोवतीची माती नेतो, पण त्याच्या खालची नेऊ शकत नाही. हळूहळू धोंड्याखाली मातीचा बुटका पाट तयार होतो. धोंडा कोणी लबाडीनं मागं हलवला असेल तर तो जमिनीवर सपाट बसलेला दिसतो. त्यामुळं सोयरिकीला जाणारा प्रत्येक माणूस आधी धोंड्याखाली बघायचा. आबा तर त्यात तरबेज. गुडघ्यावर बसून पाटाला बोट लावून सांगायचे, ह्याला इतके पावसाळे झाले.

“खरा आहे,” आबांचा आवाज आला. “जागचा हललेला नाही.”

“आमच्यात तसलं चालत नाय पाव्हणं,” हा पुंजाजी असणार. “चला, घरी चहा टाकलाय.”

“कासरा टाकू आधी.”

“काठ दिसतोय की समोर! जवळपास पुरा कासरा हाय. उगा चिखलात कशाला जाता?”

“दिसतोय म्हणून पोरगी देत नसतात, पुंजाजी. कोण धरतंय धोंड्यापाशी?”

“मी धरतो,” एक तरुण आवाज म्हणाला.

मुलाकडच्यानं दोराचं टोक धोंड्यापाशी धरायचं आणि मुलीकडच्यानं दुसरं टोक घेऊन काठापर्यंत चालत जायचं, अशी रीत होती. धोंडा खरा आहे की नाही हे आमच्याकडं सगळे बघायचे. काठ खरा आहे की नाही हे बघायचं कधी कोणाच्या मनात आलं नव्हतं. काठ म्हणजे काठ. तो कोण खोटा करणार?

मी खालून ओरडले, “आबा! पुढं येऊ नका!”

घळीत आवाज सरळ जात नाही. तो समोरच्या भिंतीवर आपटतो, वळतो आणि भलतीकडूनच वर निघतो. आबा म्हणाले, “कोण ओरडलं?”

“पलीकडच्या घळीत गुराखी असत्यात,” पुंजाजी म्हणाला.

मी पुन्हा ओरडले. तोवर माझ्या डोक्यावर बाभळीची एक फांदी करकरली आणि पाचटातून माती गळायला लागली. काठावर आबांच्या टोपीचा पांढरा ठिपका दिसला.

“पाव्हणं, थांबा! तिथं पाय देऊ नका! काठ खोटा हाय!”

तोच तरुण आवाज. आणि शब्द संपायच्या आत त्यानं दोर ओढला. आबांनी त्यांच्याकडचं टोक मनगटाला गुंडाळलेलं होतं. टोपीचा ठिपका मागं गेला आणि धप्पकन काहीतरी पडलं. मी पाटी घेऊन बाजूच्या खोबणीत शिरले. ठिगळ जागच्या जागी बसलं, मग सुटलं, आणि मी उभी होते तिथं बाभळी, पाचट आणि चिखल यांचा ढीग पडला.

मी बकऱ्यांच्या वाटेनं वर आले. अंगावर पिवळी धूळ, केसात पाचट, डोक्यावर राखेची पाटी. दुपारी नऊवारी नेसून, पदर घेऊन, खाली मान घालून जी बघायची ती मुलगी पाव्हण्यांनी अशी बघितली.

आबा शेतात बसलेले होते, त्यांच्या मनगटाला अजून दोर. कचरूमामा एकदा त्यांच्याकडं आणि एकदा भगदाडाकडं बघत होता. धोंड्यापाशी एक उंच, सावळा मुलगा दोराचं दुसरं टोक धरून उभा होता. सोडायचं त्याच्या लक्षात आलं नव्हतं.

“मथे? तू खाली होतीस?” मामा म्हणाला.

“राख न्यायला आले होते.”

पुंजाजी पुढं झाला. वाकलेला, एका गुडघ्यानं लंगडत चालणारा माणूस. “पाव्हणं, लागलं का कुठं?”

आबा त्याच्याकडं न बघता मुलाला म्हणाले, “हा भराव कोणी केला?”

“मी केला,” चांगदेव म्हणाला.

“गप बस,” पुंजाजी म्हणाला.

“मीच केला. धोंडा खरा हाय, आबा. त्याला हात लावलेला नाही. काठ तेवढा खोटा हाय.”

“मग ओरडलास कशाला? गप राहिला असतास तर सोयरीक झाली होती.”

“तुमचं वजन मला ठाऊक नव्हतं. भराव किती पेलंल ते ठाऊक होतं. पाऊस पडला तवाच मी दादांना म्हणलो होतो, काढून टाकू.”

पुंजाजी एकदम भडकला. “काढून टाकू म्हणतोय! तीन ठिकाणची माणसं आली पाव्हणं, काठ बघितला आणि चहा न घेता गेली. तिघांनी पोराकडं मान वर करून बघितलं नाय. काठ वाईट हाय, मान्य. पण पोरगं चांगलं हाय. काठासाठी पोरगं कुजवू का?”

“आणि माझा पाय?”

“मी स्वतः दोनदा चालून बघितलं होतं त्याच्यावर.”

“तुझं वजन ते किती!” कचरूमामा म्हणाला. ही थट्टेची वेळ नव्हती हे त्याला नंतर कळलं.

आबा उठले, मागची माती झटकली आणि दोर सोडून जमिनीवर ठेवला. “चला,” ते म्हणाले. खरा काठ आता उघडा पडला होता. धोंड्यापासून तो एवढा जवळ होता, की झोपलेल्या माणसानं हात लांब केला असता तर पोचला असता.

मी मात्र भगदाडाच्या कडेला उभी राहून खाली बघत होते. ढिगात फांद्या अस्ताव्यस्त पडल्या होत्या, पण भिंतीत अजून दोन-तीन थर अडकून राहिले होते. प्रत्येक फांदीचा जाड बुंधा आत, शेंडा बाहेर, आणि एक आड एक विणलेल्या. आमच्याकडं चांगली ताल घालणारी माणसं असंच करायची. नुसतं डोळ्यात धूळ फेकायची असेल तर कोणी इतकं करत नाही.

“वरून टाकलं म्हणून गेलं,” मी म्हणाले. “खालून बांधत आणलं असतं तर टिकलं असतं.”

“मथे, तुला कोणी विचारलं?” मामा म्हणाला.

चांगदेव माझ्याकडं न बघता, खालच्या फांद्यांकडं बघत म्हणाला, “खालून बांधायला दोन माणसं लागतात. एक खाली, एक वरून माल सोडायला. दादांचा गुडघा गेलाय.”

त्या दिवशी मुलगी बघायचा कार्यक्रम झाला नाही. मावशीनं घासायला काढलेली भांडी तशीच परत फळीवर ठेवली आणि भावाला नको नको ते बोलली. “स्थळ बघतोस का सापळे बघतोस रे कचऱ्या?” आम्ही ऊन उतरल्यावर शेरताटीला निघालो. आबा पुढं, मी मागं. उघड्या विहिरीपाशी ते थांबले. तिच्या दगडांच्या फटीत पारव्यांनी घरटी केली होती.

“तुला काय वाटलं?” त्यांनी विचारलं.

आबांनी मला असं काही विचारल्याचं मला आठवत नव्हतं. ताईला तर नक्कीच विचारलं नव्हतं.

“कशाचं?”

“उगाच कशाचं काय म्हणतेस.”

मी म्हणाले, “ताईच्या सासरचा काठ खरा होता, आबा. तिथं कोणी ओरडलं नाही.”

ताईच्या सासऱ्यानं, शेत निम्मं घळीत उतरलं असताना, लग्नाच्या मांडवात त्यांना मिठी मारली होती. वरच्या अंगाला भरपूर जमीन आहे म्हणून सांगितलं होतं. ते आबांना आठवलं असावं. मला तर आठवलंच होतं.

“एक पावसाळा जाऊ दे,” ते म्हणाले आणि चालायला लागले.

त्यांनी खोलवडला निरोप काय पाठवला ते मला माहीत नाही. मावशीकडून एवढंच कळत राहिलं, की पुंजाजीचा मुलगा उन्हाळाभर घळीत राबतोय. खालून दगड रचतोय, त्यावर बाभळी, त्यावर माती. वर पाट्या सोडायला त्याची आई उभी राहते, आणि गावातले लोक तिला विचारतात, हौसाबाई, लेकाला पुरायला काढलंय का?

पुढच्या दिवाळीनंतर आबा आणि कचरूमामा पुन्हा खोलवडला गेले. ह्या वेळी मला घेऊन गेले नाहीत. काय झालं ते मामानं मला नंतर नक्कल करून सांगितलं.

आबांनी धोंड्याकडं बघितलंच नाही. सरळ काठावर गेले आणि वहाणेच्या टाचेनं माती दाबून पाहिली. मग बकऱ्यांच्या वाटेनं खाली उतरले, ह्या वयात, आणि खालून बघितलं. बांधकामाचा वरचा निम्मा भाग पावसानं नेला होता. खालचा निम्मा जागेवर होता आणि त्याच्या मागं गाळ साचून त्यावर हरळी आली होती.

“अर्धं गेलंय, दाजी,” मामा म्हणाला. “अर्ध्या काठाला अर्धी पोरगी द्यायची का?”

“राहिलंय ते खालचं आहे,” आबा म्हणाले. वर येऊन त्यांनी पुंजाजीला सांगितलं, “चहा टाका.”

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मी खाली होते आणि हे वर. दुसऱ्या उन्हाळ्यात उलट, कारण मला दिवस गेले होते. सुदामच्या पाचवीला सासऱ्यांनी कासरा आणला तेव्हा यांनी आधी काठावर जाऊन तो टाचेनं दाबला आणि मगच मोजायला सुरुवात केली. सासरे तोवर थांबून राहिले. त्यांच्या हातातला धोंडा जड होता.

लोकांनी त्या ओरडण्यावरून आमची खूप थट्टा केली. मुलगी खाली बघितली म्हणून गडी ओरडला, सासऱ्यासाठी कोण ओरडतं, असं हळदीच्या दिवशी बायका म्हणत होत्या. मी एकदा यांना विचारलं, तुम्हाला मी दिसले होते का. हे म्हणाले, “तू? तू तर गुराखी होतीस.”

मग बऱ्याच वर्षांनी डोझर आले. एका उन्हाळ्यात ओढ्याच्या दोन्ही अंगांच्या घळी बुजल्या. माथे कापून खळग्यांत लोटले आणि नजर पोचेल तिथवर जमीन सपाट झाली. उघडी विहीर बुजली, पांढरी राख खाली गेली. दोन धोंडे, यांचा आणि सुदामचा, तेवढे डाळिंबाच्या ओळीत राहिले. त्यांच्यासमोर आता काठ नाही. नवीन माणसाला सांगूनही पटत नाही, की इथं माणूस उभा बुडेल एवढी घळ होती.

सूनबाईचे वडील पहिल्यांदा आमच्याकडं आले तेव्हा त्यांनी धोंड्याची चौकशी केली नाही. ते राहुरीकडचे, त्यांना ती रीत माहीत नव्हती. त्यांनी मोटर बघितली, ठिबक बघितलं, झाडांचं वय विचारलं. सुदाम त्यांना बाग दाखवत होता. हे मागं काठी टेकत चालले होते. मी बांधावर बसले होते. आदल्या रात्री पाऊस होऊन गेला होता.

घराकडं परतताना पाहुणे जवळच्या वाटेनं निघाले, डाळिंबाच्या ओळी तिरक्या ओलांडून.

“पाव्हणं, थांबा,” हे म्हणाले. “तिथून नको. इकडून या.”

सुदामचा चेहरा उतरला. “दादा, सपाट रान आहे. भराव घालून दहा वर्षं झाली.”

“भराव हाय, म्हणूनच म्हणतोय.”

पाहुणे थांबले. त्यांनी बुटाच्या टाचेनं जमीन दाबून पाहिली. टणक होती. मग त्यांनी मुलाकडं बघितलं, मुलाच्या बापाकडं बघितलं, आणि वळसा घालून आले.